कव्हराखालचे बक्कल

गेल्या नाताळच्या सुट्टीत भाची पुण्याहून चार दिवस आमच्याकडे नाशकाला आली, तेव्हा तिच्या सामानात कपड्यांच्या पिशवीपेक्षा मोठी अशी एक निळी बैठक होती. गाडीच्या सीटवर ठेवून तिच्यावर बसायचे, म्हणजे मूल चार बोटे उंच होते आणि मोठ्यांच्या मापाचा पट्टा त्याच्या गळ्याऐवजी खांद्यावरून जातो. ताईच्या घरात या वस्तूला बूस्टर म्हणतात. भाची तिला ‘माझा पाट’ म्हणते, आणि जेवायला बसल्यासारखी त्यावर मांडी घालू नकोस, हे तिला दर वेळी सांगावे लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन अंगावर घेत सोमेश्वरला जाऊन येऊ, असे ठरले. गंगापूर रोडवरच्या आमच्या घरापासून सोमेश्वर म्हणजे जेमतेम पाच किलोमीटर. आई शाल गुंडाळून मागे बसली. भाचीने तिच्या शेजारी पाट मांडला, खिडकीकडचा पट्टा ओढून अंगावर घेतला आणि मोकळ्या हाताने सीटवर चाचपडत राहिली. मग तिने विचारले, “मामा, माझं कुलूप कुठंय?”

कुलूप म्हणजे बक्कल. पट्ट्याला असलेली चपटी, चकाकती जीभ ही किल्ली आणि ती जिथे ‘टक्’ करून बसते ते कुलूप. नाव तिनेच पाडलेले आहे. मी इंजिन बंद करून मागच्या दाराशी गेलो आणि सीट व पाठ यांच्यामधल्या फटीत हात घातला. हाती लागली ती शेंगांची टरफले, दोन रुपयांचे एक नाणे, वणीच्या गडावरच्या प्रसादातली खडीसाखर आणि हरवले म्हणून आठवडाभर शोधलेले आईच्या चष्म्याचे घर. बक्कल नव्हते. रेक्झिनच्या ताणून बसवलेल्या कव्हरावरून तळवा फिरवला, तेव्हा खाली काडेपेटीएवढे काहीतरी टणक लागले. शेजारी दुसरे, पलीकडे तिसरे. कव्हर शिवून घेतले, त्याला तीन वर्षे झाली होती.

तीन वर्षे आम्ही त्या बकलांवर बसत होतो.

त्याच वेळी सगळे वर जाऊन चहा घेत बसलो असतो, तर पुढचे काही लिहिण्याची वेळ आली नसती. मी तसे केले नाही. पाचच किलोमीटर, पायाखालचा रस्ता, सकाळची वेळ, शिवाय आईने हात पसरून म्हटले, “ये गं, माझ्या मांडीवर बस, मी घट्ट धरते.” भाचीने एकदा माझ्याकडे आणि एकदा पाटाकडे पाहिले, आणि मोठी माणसे सांगत आहेत म्हणून ती आजीच्या मांडीवर जाऊन बसली. एरवी ही मुलगी रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचते. त्या दिवशी एकही पाटी वाचली नाही. आरशात मला तिचे दोन हात दिसत होते. एका हातात आजीच्या बांगड्या आणि दुसऱ्या हातात माझ्या सीटच्या डोक्याकडची दांडी, बोटांची पेरे पांढरी होईपर्यंत धरलेली. सोमेश्वरला उतरल्यावर धबधब्याकडे जायच्या आधी तिने विचारले, “येताना पण कुलूप नसणार?” मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही, म्हणजे ते सांगण्यासारखे नसावे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. जडत्वाचा नियम आला की माझ्याकडे एसटीचे ठरलेले उदाहरण असते: गाडी अचानक सुटली की उभी माणसे मागे जातात, करकचून ब्रेक लागला की पुढे. मुले हसतात, कारण प्रत्येकाने एसटीत कोणाच्या तरी पायावर पाय दिलेला असतो. मग मी फळ्यावर छोटेसे गणित मांडतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरांहून थोडे अधिक; या वेगाने जाणाऱ्या माणसाच्या अंगात जेवढी ऊर्जा असते, तेवढी सुमारे १४ मीटरांवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडणाऱ्याच्या अंगात जमिनीला टेकताना असते. वर्गात थोडा वेळ शांतता पसरते आणि ती शांतता, कबूल करतो, मला आवडते. सोमेश्वरहून आल्यावर रात्री तेच गणित मी वहीच्या पाठीमागच्या पानावर भाचीसाठी करून पाहिले. तिचे वजन २४ किलो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून एक दशांश सेकंदात थांबली असे धरले, तर तिला मांडीवर रोखून धरायला साधारण ३४० किलोचे ओझे पेलण्याइतके बळ लागेल. माझी आई दळणाचा पाच किलोचा डबा दोन्ही हातांनी उचलते आणि उचलताना देवाचे नाव घेते. शिवाय आईलाही पट्टा नव्हता. ती स्वतःच पुढे फेकली गेली असती आणि तिच्या आणि माझ्या सीटच्या मध्ये भाची असती.

हे सगळे मला ठाऊक होते, हीच खरी बोचणी. ज्याला ठाऊक नाही त्याला माफी असते.

पट्टा माणसाला जागेवर डांबून ठेवतो, असे वाटते. त्याचे खरे काम त्याहून बारीक आहे. धडकेत गाडीचा पुढचा भाग चेपत जातो आणि चेपता चेपता गाडी थांबायला थोडा अवधी घेते. पट्टा लावलेला माणूस गाडीशी बांधलेला असल्यामुळे तो अवधी त्यालाही मिळतो, आणि जो भार येतो तो छाती आणि कंबर यांच्या मजबूत हाडांवर पसरून येतो. पट्टा न लावलेला माणूस मात्र मूळच्या वेगानेच पुढे जात राहतो आणि गाडी थांबल्यावर समोर जे काही असेल त्यावर जाऊन थांबतो. मागे बसलेल्याच्या समोर पुढची सीट असते आणि त्या सीटवर कोणीतरी आपले माणूस असते. एअरबॅग आहे म्हणून निश्चिंत असलेले पुष्कळ जण भेटतात. पण एअरबॅग ही पट्ट्याची जोड म्हणून घडवलेली वस्तू आहे. डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगणाऱ्या त्या पिशवीवर पट्ट्याशिवाय जाऊन पडणे हे काही उशीवर डोके टेकणे नव्हे.

कंबरेवरून आडवा आणि खांद्यावरून तिरपा जाणारा हा तीन बिंदूंचा पट्टा आज ज्या रूपात आहे, ते रूप त्याला व्होल्वोच्या नील्स बोलिन या अभियंत्याने १९५९ मध्ये दिले. त्याआधी हा गृहस्थ लढाऊ विमानांच्या बाहेर फेकल्या जाणाऱ्या आसनांवर काम करत होता. वैमानिक जिवासाठी अंगावर काहीही बांधून घेतात. मोटारीत बसणारा सामान्य माणूस मात्र क्षणभराची अडचणही सोसत नाही, हे त्याच्या ध्यानात आले, म्हणून त्याने एका हाताने, एका ओढीत लागेल असा पट्टा केला. कंपनीने त्याचे पेटंट सगळ्या मोटार उत्पादकांना खुले करून टाकले. क्षणभराची अडचण सोसत नाही तो माणूस स्वीडनचाच असेल असे नाही. त्याला मी नाशकात रोज पाहतो, दाढी करताना आरशात.

आमच्या लहानपणी पट्टा नव्हताच. बाबांनी जुनी फियाट घेतली होती. उन्हात तापलेल्या तिच्या रेक्झिनला पेट्रोलचा आणि नारळाच्या खोबऱ्याचा मिळून एक वास यायचा, कारण त्र्यंबकहून परतताना खोबरे खाण्याचा कार्यक्रम गाडीतच होई. ताई आईच्या मांडीवर आणि मी पुढे, बाबांच्या डाव्या हाताला, सीटच्या अगदी टोकाला उभा. समोर कोणी गुरे आणली किंवा सायकलवाला आडवा आला, की बाबा ब्रेक दाबत आणि त्याच क्षणी त्यांचा डावा हात माझ्या छातीवर आडवा येई. त्या हाताला घामाचा आणि तंबाखूच्या डबीचा वास होता. तो आमचा पट्टा. त्या हाताने खरोखरीच्या धडकेत काही झाले नसते, हे आता मी फळ्यावर सिद्ध करून दाखवू शकतो, पण त्या हातामुळे वाटलेले निर्धास्तपण माझ्या अंगात अजून आहे आणि गणिताने ते जात नाही. आजही जोरात ब्रेक लावावा लागला की शेजारी पट्टा लावून बसलेल्या बायकोच्या अंगावर माझा डावा हात आपोआप आडवा जातो. ती म्हणते, “अहो, मी बांधलेली आहे.”

मागे बसलेल्याला पट्टा लाव म्हणून सांगणे हे आमच्याकडे पानावर बसलेल्या पाहुण्याला हात धुतलेत का असे विचारण्यासारखे असते, विचारणाराच ओशाळतो. एक उत्तर ठरलेले: “आपल्याला काय मुंबईला जायचंय? सिडकोपर्यंत तर जायचंय.” पट्टा आणि मुंबई यांचे नाते नाशिककरांच्या मनात पक्के बसले आहे, पाथर्डी फाटा मागे पडला की खांद्याकडे हात जातो, कॉलेज रोडवर तो जात नाही, जणू रस्त्यालाच आधी कळवून अपघात होतात. माझा मामा गाडी चालवत असेल आणि मागून पट्ट्याचा आवाज आला, तर तो आरशातून बघून म्हणणार, “का रे, माझ्या हातावर भरवसा नाही का?” आत्याचे म्हणणे आणखी वेगळे: घरातून निघताना तसले काही मनात आणू नये. म्हणजे पट्टा लावणे हा चालवणाऱ्याचा अपमान, शिवाय अपशकुन. नवी गाडी घेतल्यावर आपण नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, बॉनेटवर स्वस्तिक काढतो, स्टिअरिंगपासून डिकीपर्यंत सगळ्या अवयवांना हळदकुंकू लावतो. बकलाला लावलेले मी कधी पाहिलेले नाही. मागच्या पट्ट्यांवर कंपनीतून आलेले प्लास्टिक कित्येक घरांत वर्षभर तसेच असते.

नाशिक-मुंबई टॅक्सीतून मी अनेकदा गेलो आहे. एका चालकाची आठवण आहे. तो पट्टा लावत नसे, पांघरत असे. नाशकातल्या मुंबई नाक्याला वाहतूक पोलीस दिसला की उपरण्यासारखा तो पट्टा खांद्यावरून घेई, जीभ मांडीखाली दाबून ठेवी आणि चौक ओलांडला की उपरणे परत खुंटीला. कसारा घाटात, जिथे त्याची खरी गरज, तिथे उपरणे खुंटीलाच असे. दुसरीकडे माझा एक मित्र, सुशिक्षित, घरी रक्तदाब मोजायचे यंत्र बाळगणारा आणि सकाळी गोदाकाठी न चुकता चालणारा. त्याच्या नव्या गाडीत पट्टा लावला नाही की टुणटुण वाजत राहते. त्याने दीडशे रुपयांची एक क्लिप आणून बकलात खोचली, टुणटुण थांबली. क्लिपेवर गाडीच्या कंपनीचे चिन्ह छान कोरलेले होते, त्यामुळे ती दागिन्यासारखी दिसे. असल्या क्लिपा विकू नयेत, असा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना मे २०२३ मध्ये दिला, हे मी त्याला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, बरे झाले आधीच घेतली.

३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले. ते मोटारीत मागे बसलेले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. तेही मागे, तेही पट्ट्याविना. दोन्ही वेळी आमच्या स्टाफरूममध्ये चार दिवस दुसरा विषय नव्हता. मिस्त्रींच्या वेळी तर मी स्वतः मोठ्या तावातावाने बोललो होतो, की मागच्या सीटवरही पट्टा हवा असे केंद्रीय मोटार वाहन नियमांत केव्हापासून लिहिलेले आहे, की २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने त्यासाठी एक हजार रुपयांचा दंड ठेवला आहे आणि १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाची बैठक नसेल तर मोठ्यांना वेगळा दंड आहे. सहकाऱ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा माझ्या गाडीची मागची बकले दिसत होती, पण ती वापरली जात नव्हती. आणि पुढच्याच दिवाळीत मी कव्हर शिवायला टाकले.

इथे मला एक गोष्ट दुरुस्त केली पाहिजे. सोमेश्वरहून परतल्यावर दोन दिवस मी घरात त्या सीटकव्हरवाल्याच्या नावाने बोटे मोडत होतो. कसली ही माणसे, बक्कल झाकून टाकतात, यांना काही कळते का, वगैरे. तिसऱ्या दिवशी भाचीला पुण्याच्या गाडीत बसवून परतताना, सिग्नलला थांबलेलो असताना, मला ते दुकान आठवले. फोमचा उग्र वास, शिवणयंत्राची घरघर, आणि तोंडात दोरा धरून माझ्या मागच्या सीटवर गुडघे टेकून बसलेला विशीतला मुलगा. त्याने दोरा काढून विचारले होते, “साहेब, मागची बक्कलं बाहेर काढू का आत दाबू? बाहेर काढायची तर कव्हर कापावं लागंल, फिनिशिंग जाईल.” आणि मी, जडत्वाचा नियम शिकवणारा, मोबाइलवरून डोळे न काढता म्हणालो होतो, “दाब आत. मागे कोण लावतंय?”

सिग्नल सुटून मागच्यांनी हॉर्न वाजवले, तेव्हा मी निघालो.

त्याच आठवड्यात मी त्या दुकानात गेलो. तोच मुलगा होता; आता त्याला मिशी आली होती. त्याने काही विचारले नाही, मीही सांगितले नाही. खडूने खुणा केल्या, अंगठ्याने खालचे बक्कल चाचपून पाहिले आणि ब्लेडने चार भोके पाडली: तीन बकलांसाठी आणि एक मधल्या जागेच्या नुसत्या कंबरेच्या पट्ट्यासाठी, जो पुरताच आत गडप झाला होता. कव्हराच्या बिस्किटी रंगाचा दोरा संपला होता, म्हणून त्याने भोकांच्या कडा तांबड्या दोऱ्याने शिवल्या. फिनिशिंग खरोखरच गेले. एक जीभ बकलात घालून पाहिली, तर ती बसल्यासारखी वाटे, पण ओढली की निघून येई, आणि ‘टक्’ आवाजही मेलेला. तिथून गाडी थेट आमच्या द्वारका चौकाजवळच्या माझ्या नेहमीच्या गॅरेजात नेली. मेकॅनिकने हवेचा पाइप बकलाच्या तोंडाला लावला आणि आतून चुरमुऱ्याचा तुकडा, बारीक रेती आणि एक टाचणी बाहेर उडाली. मी तेल सोडायचे का असे विचारले. तो म्हणाला, “तेल नको, सर. तेलावर धूळ बसते आणि मग आतली पकड पुरती चिकटते.”

मग त्याने एकेक पट्टा मुळापर्यंत बाहेर ओढून, दोन बोटांच्या चिमटीत धरून त्याच्या कडा तपासल्या, जशी आई तांदळातला खडा बोटांनी शोधते तशी, बघण्यापेक्षा स्पर्शाने. माझ्या स्वतःच्या पट्ट्याची एक कड दारात सापडून सापडून पिंजली होती. धागे फुलवातीसारखे बाहेर आले होते. मी रोज तो लावत होतो आणि मला दिसले नव्हते. शिंप्याकडून टाके घालून घेऊ का, या प्रश्नाला त्याने जे तोंड केले ते मला वर्गात करता आले पाहिजे. शिवण चालत नाही, कारण ताण आला की सुई गेली तिथूनच पट्टा फाटतो. तो आख्खा, गुंडाळीच्या यंत्रासकट, नवा आणि याच गाडीचा घ्यायचा, भंगारातला तर मुळीच नाही. का नाही, ते दाखवायला त्याने फळीवरून एका अपघातातल्या गाडीचा काढून ठेवलेला पट्टा आणला. दुरून अगदी धड. जवळ धरल्यावर दिसले, की खांद्याजवळच्या कडीतून जिथे तो गेला होता तिथे हातभर पट्टीवर काचेसारखी चकाकी आली होती. एवढ्या जोराने ओढला गेला की घासून धागे वितळले. त्याच्या बकलाकडे एक नळी होती. धडकेच्या क्षणी तिच्यात छोटा स्फोट होतो आणि पट्टा मागे खेचून अंगाशी घट्ट केला जातो. हे एकदाच घडते, नंतर ती नळी नुसती शोभेची. असा पट्टा कोणी धुऊनपुसून दुसऱ्या गाडीला बसवला तर कोणाला कळणार? “आणि माणूस?” मी विचारले. “तो रोज सकाळी समोरच्या डेअरीवर दूध घ्यायला येतो,” तो म्हणाला आणि पट्टा परत फळीवर ठेवला.

पुढच्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी पट्टे धुतले. पट्टा पूर्ण बाहेर ओढून तो परत आत जाऊ नये म्हणून मुळाशी कपड्यांचा मोठा चिमटा लावायचा, कोमट पाण्यात सौम्य साबण कालवून फडक्याने धाग्यांच्या दिशेने पुसत जायचे, पाणी यंत्रात उतरू द्यायचे नाही आणि सावलीत पूर्ण वाळल्यावरच चिमटा काढायचा. ओला आत गेला तर बुरशी धरतो. खांद्याच्या कडीत मेणासारखा काळा मळ साचला होता. तो काढल्यावर माझा पट्टा, जो दोन वर्षे आळशासारखा लोंबत होता, सर्रकन आत गेला. बादलीतल्या पाण्याचा रंग टपरीवरच्या चहासारखा झाला. पण मी थांबलो ते वेगळ्याच गोष्टीपाशी. बायकोचा पट्टा पूर्ण बाहेर काढला तेव्हा त्यावर एक रेघ दिसली. रेघेच्या अलीकडचा भाग नऊ वर्षांच्या वापराने फिका करडा झालेला आणि पलीकडचा, कधी बाहेर न आलेला, नवाकोरा काळा. तिच्या अंगाचे माप त्या पट्ट्याने लिहून ठेवले होते. आईच्या बाजूचा पट्टा काढला. त्यावर रेघ नव्हती. खिडकीच्या उन्हात राहिलेला वरचा भाग सोडला, तर बाकीचा सगळा मुळापासून काळाभोर होता.

फेब्रुवारीत आईला घेऊन वणीच्या गडावर गेलो. पट्टा लावायला सांगण्याची वेळ आली, तेव्हा मला घाम फुटला, कारण पन्नाशीचा झालो तरी आईला सूचना करण्याची सवय नाही. ती म्हणाली, “आजवर काय बिनपट्ट्याची मेले का मी?” मी म्हणालो, “तुझ्या नातीला सांगेन हां.” त्या नावावर काम झाले. मात्र नऊवारी असो की पाचवारी, लुगड्याचा आणि पट्ट्याचा विचार त्या बोलिनने केलेला दिसत नाही. शालीवरून लावलेला पट्टा सैल राहतो, म्हणून आधी शाल काढायची, पट्टा लावून मग वरून पांघरायची. आडवा भाग निऱ्यांच्या फुगवट्यावर, म्हणजे पोटावर चढतो. तो खाली घेऊन कंबरेच्या हाडांवर बसवावा लागतो, कारण धडकेत पोटावरच्या पट्ट्याने आतड्यांना इजा होते. तिरपा भाग आईच्या गळ्याला घासू लागला, तेव्हा तिने तो सरळ काखेखालून घेतला, आणि तसे केले तर सगळा भार बरगड्यांवर येतो. शेवटी ती पाठ टेकून ताठ, चार बोटे आत सरकून बसली आणि पट्टा खांद्याच्या मध्यावर आला. मंगळसूत्र पट्ट्याखालून बाहेर काढले. एवढे होईपर्यंत दिंडोरी रस्ता लागला होता, असे बायको म्हणते. प्रत्यक्षात आम्ही पार्किंगमध्येच होतो.

नांदुरीचा घाट चढताना आईला मळमळले म्हणून रस्त्याच्या कडेला, उतारावर, एका बाजूला चांगली कललेली अशी गाडी लावली. आलेलिंबू घेऊन ती परत बसली आणि पट्टा ओढू लागली. पट्टा जागचा हलेना. हळू ओढला, जोरात ओढला, नाही. “बिघडला,” ती जरा आनंदानेच म्हणाली. त्या क्षणी बावीस वर्षांतला माझा सर्वांत यशस्वी तास झाला. मी सांगितले, की गुंडाळीच्या यंत्रात एक छोटी पोलादी गोळी असते, वाटीत ठेवल्यासारखी. गाडी अचानक थांबली की जडत्वाने ती गोळी पुढे घरंगळते आणि तिच्या धक्क्याने वरची खीळ दात्यांत अडकून पट्टा जागच्या जागी धरला जातो. गाडी फार कलली तरी गोळी घरंगळतेच. तिला वाटते आपण आदळलो. गाडी सपाटीवर घेतली आणि पट्टा लोण्यासारखा बाहेर आला. आईने तो दोनदा आतबाहेर करून पाहिला, एक जोराचा हिसका देऊन अडतो का तेही पाहिले आणि म्हणाली, “म्हणजे ही गोळी तुझ्याआधी घाबरते.”

गडावरून उतरताना तिचे हात देवीच्या हळदकुंकवाने भरलेले होते, आणि आता मी सांगायची वाट न बघता तिने तशाच हातांनी जीभ धरून पट्टा ओढला. परवा पुन्हा पट्टे धुतले तेव्हा तिच्या पट्ट्यावर, छातीशी येतो त्या जागी, वीतभर पिवळा डाग आणि त्याला लागून कुंकवाचे एक बोट दिसले. साबणाने तो थोडा फिका झाला, गेला नाही. वॉचमन म्हणाला ब्लीच टाका, क्षणात निघेल. ब्लीचने या धाग्यांचा जोर जातो, म्हणून ते लावायचे नसते. मी पट्टा दाराच्या सावलीत वाळायला सोडला आणि पिवळ्या डागासकट आत जाऊ दिला.